नकाशातला कोरा चौकोन

आमच्या सूनबाईचे काम काय, असे कोणी विचारले की घरात तीन उत्तरे मिळतात. मुलगा म्हणतो, "संशोधन." माझी बायको म्हणते, "दुसऱ्यांनी केलेल्या संशोधनाची मोजदाद." मी गप्प बसतो. मला ते थोडेफार कळले आहे असे वाटते, पण सांगायला गेलो की शब्द पायात येतात. लिहिण्याचीही मला सवय नाही. माझे आयुष्य कचेरीच्या आवक-जावक विभागात गेले. आलेल्या पत्राला क्रमांक द्यायचा, गेलेल्याची नोंद करायची. आत काय आहे ते वाचायची गरज नव्हती. तेव्हा इथे काही मागेपुढे झाले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

साखरेऐवजी गोडीसाठी ज्या गोळ्या, पुड्या, थेंब वापरतात, बिनसाखरेची म्हणून जी बाटलीबंद पेये मिळतात, त्यांचा तब्येतीवर काय परिणाम होतो यावर जगभर लोक अभ्यास करत असतात. ते सगळे अभ्यास गोळा करायचे, वाचायचे आणि कशाकशावर किती अभ्यास झाले आहेत याचा एक नकाशा तयार करायचा, हे सूनबाईच्या संस्थेने हाती घेतलेले काम. नकाशा म्हणजे नद्या-डोंगरांचा नव्हे. एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला गेलो, तेव्हा तिने मला तो पडद्यावर दाखवला. खोली अगदी साधी होती. एक लांब टेबल, खिडकीचा अर्ध्यावर अडकलेला पडदा, आणि दोन संगणक एकमेकांकडे पाठ करून ठेवलेले, सासवासुना रुसून बसाव्यात तसे. पडद्यावर चौकोनच चौकोन होते. उभ्या बाजूला माणसे: मुले, मोठी माणसे, वृद्ध, मधुमेही, गर्भवती. आडव्या बाजूला वजन, रक्तातली साखर, हृदय, दात, भूक असे बरेच काही. चौकोनांत लहानमोठे गोल.

मोठ्या माणसांच्या ओळीत, वजनाखाली, भला मोठा गोल होता. मी म्हणालो, "म्हणजे या गोळ्यांनी वजन वाढतं वाटतं."

"नाही हो बाबा. गोल मोठा म्हणजे तिथे खूप जणांनी शोधलंय. काय सापडलं ते गोल सांगत नाही."

घरी येऊन हे मी हिला सांगितले. ही म्हणजे माझी बायको. ही म्हणाली, "म्हणजे गावात विहिरी किती खणल्या ते कळतं, पाणी कुठे लागलं ते नाही. मग तहानलेल्या माणसाला काय उपयोग?"

"नवी विहीर कुठे खणायची ते कळतं," सूनबाई आतून म्हणाली. हिला उत्तर मिळालेले आवडत नाही. हिने भांडी जरा जोरात ठेवली.

तिथल्या कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. प्रत्येक अभ्यास दोघे जण वेगवेगळे वाचतात. तो घ्यायचा की टाकायचा, घेतला तर कोणत्या चौकोनात बसवायचा, हे प्रत्येकाने आपापले ठरवायचे. दुसऱ्याचे उत्तर बघायचे नाही, त्याच्याशी बोलायचेही नाही. मग दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवायची. जुळली तर ठीक, नाही तर संस्थेच्या प्रमुख बाई निवाडा करतात. एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याची चुकणार नाही, हा त्यातला हिशेब. सूनबाईच्या जोडीला एक तरुण होता. त्याला सगळे 'दुसरा' म्हणत, कारण कामाच्या कागदांवर ती 'वाचक पहिला' आणि तो 'वाचक दुसरा'. सूनबाईला तिथे 'चाळणी' म्हणत. हजारो अभ्यासांतून कुणी उंदरांना पाजलेले, कुणी नुसती केकची चव बघितलेली, असले सगळे तिच्या हातून बरोबर बाजूला पडायचे.

एकदा जेवताना ती म्हणाली, "आज माझं आणि दुसऱ्याचं एकदासुद्धा वाजलं नाही."

ही म्हणाली, "हळू बोल गं बाई, खिडकी उघडी आहे. शेजारी म्हणतील, हिला दुसरा आहे आणि नवरा शेजारी बसून जेवतोय."

तिची ही कामाची रीत घरातही शिरली होती. भाजी तोंडात घातली की ती बोट वर करायची. "थांबा. आधी कुणी बोलायचं नाही. सगळ्यांची चव घेऊन होऊ दे, मग मीठ कमी की जास्त ते सांगा. नाहीतर पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात." माझी तर पंचाईतच व्हायची. मी आयुष्यभर दुसरा काय म्हणतो ते ऐकूनच बोलत आलो.

आमची मुलगी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिला घरात सगळे धाकटी म्हणतो. जावई कामासाठी दूर, महिनोन्महिने परत येणे नाही. तिला दिवस गेले होते. त्याआधी एकदा राहिले होते ते पोटातच गेले. त्याबद्दल आमच्या घरी कोणी बोलत नाही, आणि सगळे जण सतत त्याबद्दलच विचार करत असतात. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. धाकटी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती. जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरायची. कुणी शिंकले तरी दुसऱ्या खोलीत जायची.

तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली. धाकटी लहानपणापासून गोडाची. दोन दिवस तिने बिनसाखरेचा चहा प्यायला, तिसऱ्या दिवशी कप समोर ठेवून रडायला लागली. मैत्रिणीने गोळ्या सुचवल्या. डॉक्टरांना विचारले तर ते पुढच्या पेशंटचा कागद बघत म्हणाले, "बेताने घेतल्या तर चालतील." पण 'चालतील' हा शब्द धाकटीला पुरेना.

"डॉक्टर कशाला, आपल्या घरातच जगभरचं वाचून ठेवलेलं माणूस आहे," ती म्हणाली. "वहिनी, घेऊ का गोळ्या?"

"मी डॉक्टर नाही गं."

"माहितीये. घेऊ का?"

"मी असं कसं सांगू? आम्ही फक्त…"

"विहिरी मोजता. आई म्हणाली मला. अगं पण खणणाऱ्यांनी काय म्हटलंय ते तर वाचलंयस ना?"

आठवडाभर हे चालले. धाकटी चिवट आहे; आईवर गेली आहे. शेवटी एका रविवारी सकाळी सूनबाईने संगणक उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आम्ही सगळे भोवती. तिने गर्भवतींच्या ओळीवर बोट ठेवले आणि ते शेवटपर्यंत नेले. दोन-तीन चौकोनांत मोहरीएवढे ठिपके होते. पण पोटातल्या बाळाची वाढ, जन्माच्या वेळचे वजन, वेळेआधी प्रसूती, जिथे धाकटीचा सगळा जीव अडकला होता, तो चौकोन कोरा होता.

"हे बघ, नीट ऐक," सूनबाई म्हणाली. "इथे कुणी अभ्यास केलेलाच नाही. चांगलं निघालं असं नाही, वाईट निघालं असंही नाही. कुणी पाहिलेलं नाही."

"जगात कुणीच नाही?"

"आम्ही सगळं चाळलंय. दोघांनी, वेगवेगळं."

धाकटीने त्या चौकोनावर आपले बोट ठेवले. मग म्हणाली, "वहिनी, कोट्यवधी बायका बाळंत होतात. त्यांतल्या कितीतरी या गोळ्या खात असतील. भिण्यासारखं काही असतं तर एवढ्या शहाण्या लोकांतल्या एकाला तरी शंका आली असती की नाही? एकानं तरी बघितलं असतं की नाही?"

सूनबाईला याचे उत्तर द्यायचे होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसले. पण तेवढ्यात ही म्हणाली, "बरोबर बोलते पोरगी. एवढ्या जगात कुणाला सुचलं नसतं होय?" आणि विषय तिथे संपला. त्या दुपारी धाकटीने कितीतरी दिवसांनी गोड चहा प्यायला. डोळे मिटून प्यायला. त्यानंतर चहात गोळी, दुधात गोळी, लिंबाच्या पाण्यात गोळी. बाटलीबंद पेये पण आली. तिला हसताना बघून आम्हालाही बरे वाटायचे. सूनबाई मात्र टेबलावरची ती लहानशी डबी दिसली की नजर दुसरीकडे वळवायची. एकदा ती धाकटीला म्हणाली, "जरा बेताने." धाकटी म्हणाली, "कोरं आहे म्हणालीस ना? मग कोऱ्याला भ्यायचं किती?"

यात काही महिने गेले. धाकटीचे पोट चांगलेच मोठे दिसायला लागले. तिकडे नकाशा पुरा होत आला. मोठ्या सभेत तो मांडायचा होता, बाहेरचे लोक येणार होते. प्रमुख बाईंनी सूनबाईला एक टिपण लिहायला सांगितले होते: नकाशात कुठे कुठे पोकळी आहे, कुठे नवे संशोधन व्हायला हवे. त्यात गर्भवतींची पोकळी सगळ्यात वर.

एका संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढता थेट आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. मुलाने विचारले, हिने विचारले. "डोकं दुखतंय" एवढेच. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा ती वर आली. माझ्याशी लोक बोलतात, कारण मी मध्ये बोलत नाही. त्यात माझा काही गुण नाही. मला वेळेवर सुचतच नाही.

"बाबा, तो चौकोन कोरा नव्हता."

मी पाण्याचा नळ बंद केला.

काय झाले होते ते तिने मला दोन-तीनदा समजावले तेव्हा कुठे कळले. काम सुरू करताना एक अभ्यास दोन-दोन ठिकाणी बसायला लागला आणि आकडे फुगायला लागले. म्हणून तिनेच एक नियम सुचवला होता. एका अभ्यासाला एकच घर. आणि घर कोणते, तर ज्याची तब्येत मोजली त्याचे. नियम सुटसुटीत होता, बाईंनी शाबासकी दिली होती. आता काही अभ्यासांत असे होते की बायकांना गरोदरपणी विचारले, तुम्ही काय काय पिता. नंतर बाळ जन्मल्यावर त्याचे वजन घेतले, पुढे ते वाढताना पुन्हा घेतले. खाल्ले आईने, पण तब्येत मोजली बाळाची. नियमाप्रमाणे असे सगळे अभ्यास मुलांच्या ओळीत गेले. आईच्या ओळीतल्या त्या चौकोनात काही उरलेच नाही. पोकळीचे टिपण लिहिताना तिला सहज मुलांच्या ओळीतला एक अभ्यास उघडावासा वाटला, आणि तो तिनेच पूर्वी वाचलेला, गरोदर बायकांना विचारून केलेला निघाला. मग दुसरा. मग आणखी काही.

"पण दोघं वाचत होतात ना?" मी विचारले.

"दोघांनी तोच नियम पाळला, बाबा. प्रत्येक वेळी आमची उत्तरं जुळली. एकदाही वाजलं नाही."

हे बोलताना ती हसली. ते हसू बघून मला नळ पुन्हा सुरू करावासा वाटला.

"काय आहे त्यात? त्या अभ्यासांत?"

"एक सूर नाही. कुठे थोडा फरक दिसलाय, कुठे काहीच नाही. आणि ज्या बायका या गोळ्या घेतात, त्यांची साखर, त्यांचं वजन आधीच वर-खाली असतं. मग जो फरक दिसला तो गोळीचा की त्या आजाराचा, हे कुणाला सांगता आलेलं नाही."

"मग तसं बघितलं तर कळलं काहीच नाही."

"कळलं नाही, पण कुणी बघितलं होतं. मी तिला म्हणाले, जगात कुणीच बघितलं नाही. त्या भरवशावर ती पितेय."

मी म्हणालो, "होतं असं." यापेक्षा बरे काहीतरी म्हणायला हवे होते.

त्या दिवशी धाकटी तपासणीला गेलेली असताना घरात बैठक बसली. मुलगा म्हणाला, "आठवा महिना लागतोय तिचा. आत्ता सांगून काय मिळणार? उगाच धसका घेईल. त्या धसक्यानंच काही झालं तर?"

"आणि नाही सांगितलं तर ती पीत राहील," सूनबाई म्हणाली.

"मग हळूच डबी गायब कर. संपल्या म्हण."

"दुकानं बंद पडलीत का? दुसरी आणेल."

ही म्हणाली, "हे बघ, तू चुकलीस ते तुझ्या कचेरीत. तिथे निस्तर. माझ्या पोरीच्या डोक्यावर कशाला ओततेस? तुझं मन हलकं व्हावं म्हणून?"

हे बोलणे लागण्यासारखेच होते. "आई, माझं मन हलकं व्हायचं असतं तर मी तुम्हाला सांगून थांबले असते," सूनबाई म्हणाली. "विचारलं तिनं होतं. उत्तर तिचं आहे."

कोणी माझे मत विचारले नाही. विचारले असते तर काय सांगितले असते ते मला आजही ठरवता येत नाही. मुलाचेही मला पटत होते आणि सुनेचेही. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत.

तिने आधी कचेरीत सांगितले. तिथले मी तिच्याकडून ऐकले तेवढेच. प्रमुख बाई म्हणाल्या, सभा तोंडावर आली आहे. नकाशाखाली एक तळटीप टाकू, की गरोदरपणीचे काही अभ्यास मुलांच्या ओळीत पाहावेत. सूनबाई म्हणाली, तळटीप कोण वाचते, माणूस चौकोन बघतो आणि उठून जातो. बाई म्हणाल्या, "नियम तुझाच होता, चाळणी." ती म्हणाली, "हो, म्हणूनच मोडायला मीच हवी." मुलांची सगळी ओळ पुन्हा वाचायची ठरली. सभेत नकाशा अर्धवटच मांडला गेला आणि बाहेरून आलेल्यांपैकी एकाने सगळ्यांदेखत विचारले की आणखी किती घरे चुकली आहेत. तिच्या जोडीचा 'दुसरा' बरेच दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलत होता. कधी नव्हे ते त्यांचे आता रोज वाजायचे.

धाकटीला सांगितले ते स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत होतो. उठून जायला हवे होते, पण उठलो असतो तर खुर्ची वाजली असती.

धाकटीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तू मला कोरं म्हणालीस."

"हो."

"आणि कोरं नव्हतं."

"नव्हतं. आम्ही ते दुसऱ्या घरात बसवलं होतं. मुलांच्या."

"घरात?" धाकटीचा आवाज चढला. "वहिनी, पोटात बाळ आहे माझ्या, ते माझ्यापासून वेगळं काढून कुठल्या घरात बसवलंत तुम्ही? आई कुठे आणि पोर कुठे! एवढ्या शिकलेल्या बायका तुम्ही, एकीच्याही डोक्यात आलं नाही?"

"नाही आलं."

"मी रोज पीत होते. तुझ्यासमोर पीत होते!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं तर तसं म्हणायचंस! 'मला माहीत नाही' म्हणायचंस. 'जगात कुणी पाहिलं नाही' कशाला म्हणालीस? जग काय तुझ्या टेबलावर होतं?"

डबी केराच्या डब्यात पडल्याचा आवाज आला. मग धाकटी बाहेर आली, माझ्यासमोरून गेली आणि आपल्या खोलीचे दार लावून घेतले. आपटले नाही. बाळाला दचकायला होईल म्हणून तिने तेवढ्या रागातही दार हळू लावले.

दुसऱ्या दिवशी ही तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर या वेळी कागद बाजूला ठेवून बोलले. घाबरण्यासारखे काही नाही, साखर आटोक्यात आहे हे जास्त महत्त्वाचे. गोळ्या नको वाटत असतील तर नका घेऊ. धाकटीने त्या आधीच सोडल्या होत्या. वहिनीशी बोलणेही सोडले होते. त्यानंतर घरात सगळे निरोप माझ्यामार्फत जायला लागले. "बाबा, वहिनीला सांगा, न्हाणीघर रिकामं झालंय." वहिनी समोर उभी. मी मान वळवून म्हणायचो, "न्हाणीघर रिकामं झालंय." सूनबाई म्हणायची, "बरं." आवक-जावक माझी कधी सुटलीच नाही.

बाळ वेळेच्या आधी आले. फार आधी नाही, पण वजन कमी भरले, म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. मुलगी. तिला बाहेरूनच बघायचे. लहानसा पाय, त्याला चिकटवलेली नळी, आणि ती झोपेत ओठ हलवायची.

धाकटीला चालता यायला लागले तशी ती त्या काचेशी येऊन उभी राहायची. एका दुपारी मी आणि ती तिथे होतो. सूनबाई मागे बाकावर बसली होती. ती रोज यायची, डबा आणायची, आणि लांबच बसायची.

धाकटी काचेकडे बघतच म्हणाली, "बाबा, तिला विचारा. त्याच्यामुळे झालं का हे?"

मी मागे वळलो. सूनबाईने ऐकलेच होते. पण हा निरोप मला पोचवता येईना. न्हाणीघराचा निरोप वेगळा.

सूनबाई उठून जवळ आली. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"पुन्हा तेच."

"डॉक्टर म्हणतात, साखर वाढलेली असली की असं होऊ शकतं. आधीच्या वेळचंही कारण असेल. कधीकधी कारणच नसतं. गोळ्यांमुळे नाही झालं असं मला म्हणता येत नाही. झालं असंही म्हणता येत नाही. आणि हे नुसतं मला माहीत नाही असं नाही. ज्यांचं मी वाचलंय त्यांतल्या कुणालाच एका बाळाचं सांगता येत नाही. ते शेकड्यांचं सांगतात."

"माझी शेकड्यातली नाहीये."

"नाहीये."

दोघी काचेशी उभ्या होत्या. माझ्या मनात आले, आता या रडतील, गळ्यात पडतील, आणि सगळे ठीक होईल. तसे काही झाले नाही. धाकटीने डबा घेतला आणि आत गेली. निदान डबा तिने वहिनीच्या हातातून घेतला, मला मध्ये धरले नाही, एवढेच.

बाळ घरी आले. वजन सावकाश वाढते आहे. प्रत्येक वेळी काटा बघायला आम्ही सगळे भोवती जमतो. नकाशाही पुरा झाला. आता त्यात खाल्ले आईने आणि मोजले बाळाला, असे अभ्यास दोन्ही ओळींत दिसतात. आकडे फुगले तरी चालतील, असे आता सूनबाई म्हणते. तो चौकोन कोरा नाही, त्यात एक गोल आहे, फार मोठा नाही. तिला संस्थेत अजून चाळणी म्हणतात की नाही, मी विचारले नाही.

मागच्या आठवड्यात धाकटीने एकाएकी तिला विचारले, थेट तिलाच, "ते अभ्यास आहेत तुझ्याकडे? सगळे?"

"आहेत."

"मला वाचून दाखव. मला समजेल असं."

ही म्हणाली, "अगं, कशाला आता जखमेची खपली काढतेस?" पण धाकटीने बाळाला मांडीवर घेतले आणि भिंतीला टेकून बसली. सूनबाई कागद घेऊन समोर बसली. सोप्या भाषेत सांगायला तिला कष्ट पडत होते. मध्येच थांबायची, शब्द शोधायची. किती बायका होत्या, त्यांना काय विचारले, बाळे केव्हा मोजली, काय निघाले, आणि जे निघाले त्यावर किती भरवसा ठेवता येईल. प्रत्येक अभ्यास संपला की धाकटी विचारायची, "म्हणजे काय?" आणि सूनबाई खरे होते तेच सांगायची. एकदा म्हणाली, "म्हणजे यांना फरक दिसला नाही." एकदा म्हणाली, "यांना थोडा दिसला, पण कशाचा ते त्यांनाच खात्रीनं म्हणता येत नाही." धाकटीचा चेहरा कधी उजळायचा, कधी उतरायचा. बाळ दूध पिता पिता झोपून गेले होते. मला वाटले, पुरे आता. माझ्याच्याने तर ऐकवत नव्हते.

सूनबाईने कागद खाली ठेवले. "थांबू का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पुढचा वाच."